आधी ग्रामसभेत, मग स्पर्धेत



आवणीचे दिवस आहेत, कोणाला वाचायला सवड नाही हे ठाऊक आहे. पण हा विषय दिवाळीपर्यंत थांबणारा नाही. शाळा उघडल्या की आश्रमशाळेतल्या पोरांना गुरुजी सांगतात, बालविज्ञान परिषद जवळ आली, गट करा, पर्यावरणावर प्रकल्प करा. पोरं सुट्टीला घरी येऊन आईला विचारतात, आपल्या जंगलात झाडं किती? आई म्हणते, गुरुजी येणार हायेत का मोजायला? तिथंच विषय संपतो. मग प्रकल्प वर्गातच तयार होतो. मागच्या वर्षीची वही काढायची, तारीख बदलायची, कार्डशीटवर हिरवं झाड आणि शेजारी कुऱ्हाड काढायची. खाली लिहायचं, "झाडे लावा, झाडे जगवा". कुऱ्हाड धरणाऱ्या माणसाला लंगोटी असते. हे चित्र आपल्याच पोराने काढलेलं असतं.

या चित्राविरुद्ध मला लिहायचं आहे. स्पर्धेविरुद्ध नाही. दोन्हीत फरक आहे तो आधी सांगतो, कारण मागच्या बैठकीत काही साथींनी सरळ म्हटलं की असल्या स्पर्धा म्हणजे शहरवाल्यांचं नाटक, आपल्या पोरांना तिथं पाठवूच नका. मला ते पटलं नाही.

ही राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून देशभर भरते. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा तिला आधार आहे. दहा ते सतरा वयाची पोरं गट करून आपल्या परिसरातला एखादा प्रश्न घेतात, स्वतः फिरून माहिती गोळा करतात, मोजमाप करतात आणि जिल्ह्याला मांडतात. तिथून राज्याला, तिथून देशाला. दर दोन वर्षांसाठी एक मुख्य विषय ठरतो. २००४-०५ ला पाणी होतं, २००६-०७ ला जैवविविधता. आणि २०१० व २०११ या दोन वर्षांचा विषय होता जमीन.

जमीन, साथींनो! ज्या विषयावर आपण मोर्चे काढतो, प्रांत ऑफिससमोर रात्री काढतो, तोच विषय सरकारने देशभरच्या पोरांना अभ्यासाला दिला होता. त्यात उपविषय पाडले होते. आपली जमीन ओळखा, जमिनीचा कस, माणसाच्या कामाचा जमिनीवर होणारा परिणाम, असे. आणि शेवटचा उपविषय होता, जमिनीच्या वापराविषयी लोकसमाजाकडे असलेलं ज्ञान. ही ओळ मी दोनदा वाचली. लोकसमाज म्हणजे कोण? आपणच ना? मग या ओळीखाली आपल्या पाड्यातून एकही प्रकल्प का गेला नाही?

नियमही वाईट नाहीत. शाळा सोडलेल्या पोरालासुद्धा गटात घेता येतं, हे किती गुरुजींनी पालकांना सांगितलं? गुरं वळणारा, वीटभट्टीवरून परत आलेला, आठवीत गळालेला, सगळे चालतात. मराठीत मांडता येतं. महागडं यंत्र लागत नाही. प्रश्न गावातला असावा, काम पोरांनी स्वतः करावं आणि जे निघालं ते गावाला सांगावं, असं त्यात अपेक्षित आहे. कागदावर हे सगळं आपल्याच बाजूचं आहे. वनहक्क कायदाही कागदावर आपल्याच बाजूचा आहे. कागद आपण उचलला नाही की दुसरा कोणी उचलतो आणि त्याला हवं तसं वाचतो, हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही.

आता मागच्या साली काय झालं ते सांगतो. ही बालविज्ञान परिषद नव्हे, वेगळीच एक पर्यावरणाची स्पर्धा होती. तिचं आणि शाळेचं नाव मी लिहीत नाही. आमच्या बाजूच्या पाड्यावरच्या चार पोरींनी राबावर प्रकल्प केला. विषय त्यांनीच काढला. त्यांचं म्हणणं साधं होतं. राब भाजलेल्या जागेत रोप चांगलं येतं असं घरात सगळे म्हणतात, ते खरं का खोटं ते आम्ही बघतो. पोरींनी उन्हाळ्यात टहाळ, पालापाचोळा, शेण, माती यांचे थर कसे लावतात ते लिहून घेतलं. भाजलेल्या आणि न भाजलेल्या वाफ्यातलं तण उपटून वेगवेगळं मोजलं. परीक्षक बाई आल्या, पहिलाच प्रश्न विचारला, "पण जाळल्याने प्रदूषण होतं ना? मग तुम्ही गावकऱ्यांना काय समजावलं?"

पोरी गप्प झाल्या. त्यांनी समजावलं नव्हतं, समजून घेतलं होतं. बाईंच्या तक्त्यात समजून घेण्याला घर नव्हतं. पहिला नंबर गेला तालुक्याच्या गावातल्या एका गटाला, त्यांचा विषय "पाण्याची बचत", नळ बंद ठेवा.

नळ बंद ठेवा हे चांगलंच आहे. पण नळाला पाणी येतं कुठून? तानसा, भातसा, वैतरणा ही नावं आपल्याच तालुक्यांतल्या नद्यांची. मुंबईची तहान त्यांच्यावर भागते. मोखाड्यात मध्य वैतरणेचं धरण बांधलं गेलं, तेही मुंबईसाठीच. आणि त्याच मोखाड्यात फाल्गुन सरला की बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पर्यावरणाच्या स्पर्धेत हा प्रश्न विचारायला परवानगी आहे का? की पर्यावरण म्हणजे फक्त दात घासताना नळ बंद करणं? ज्या पोराच्या घरात नळच नाही त्याने कोणता प्रकल्प करायचा?

मला राग त्या बाईंचा नाही. त्यांनाही कोणी तरी असंच शिकवलं असणार. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीचा करा. झाला सक्तीचा. मीही बारावीला तो शिकलो. पुस्तकात जंगलाच्या नाशाची कारणं होती, त्यात "स्थलांतरित शेती" होती, "सरपणासाठी वृक्षतोड" होती. कूप होता का? ठेकेदार होता का? रेल्वेच्या स्लीपरसाठी गेलेलं सागवान होतं का? धरणाखाली बुडालेलं जंगल होतं का? मी तरी वाचलं नाही. तेच पुस्तक वाचून गुरुजी होतात, तेच वाचून परीक्षक होतात, आणि मग आपल्या पोरी त्यांच्यापुढे वही घेऊन उभ्या राहतात.

राबाचं भांडण आजचं नाही. ठाणे आणि कुलाब्याच्या जंगलातल्या तक्रारी ऐकायला इंग्रज सरकारला १८८५ साली बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं होतं. १८८७ ला त्याचा अहवाल आला आणि त्यात राब हा मोठा वादाचा मुद्दा होता. तेव्हाही साहेब म्हणायचे, हे लोक झाडं छाटून जाळतात. आपले डोकरे म्हणायचे, फांदी छाटली तर झाड फुटतं, मुळापासून तोडलं तर मरतं, आम्ही फांदी छाटतो. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, दोन्ही बाजू तेच बोलताहेत. मग ते मोजून दाखवायचं काम आपल्या पोरांनी का करू नये? ऐनाची किती झाडं छाटली, त्यातली किती फुटली, किती वाळली? याला दिल्लीचा शास्त्रज्ञ लागत नाही. पाच पोरं, एक वही, झाडाला बांधायला चिंध्या आणि दोन पावसाळे लागतात.

इथे एक साथी म्हणाला, आणि मोजून आपल्याविरुद्ध निघालं तर? चांगला प्रश्न आहे. निघालं तर निघालं. समजा कळलं की अमुक माळावरची झाडं छाटून छाटून मरत आलीत. मग ते ग्रामसभेत बोलायचं आणि तिथली छाटणी काही वर्षं बंद करायची. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(आय) ने जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क आपल्याला दिला आहे आणि कलम ५ ने ग्रामसभेला ते राखायचा अधिकार दिला आहे. हक्क मागायचा आणि जंगलाची खरी हालत बघायला घाबरायचं, हे कसं चालेल? फॉरेस्टवाले खोटं बोलतात हे म्हणायचा अधिकार त्यालाच, ज्याच्या वहीत खरं लिहिलेलं आहे, आपल्या अंगावर येणारंसुद्धा.

मेंढा-लेखाचं नाव आपण सभांमध्ये घेतो. गडचिरोलीतल्या त्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरवर. २०११ साली २७ एप्रिलला केंद्राचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात दिला. आपण टाळ्या वाजवतो, पण त्यामागचं एक काम विसरतो. त्या गावात कित्येक वर्षं अभ्यासगट चालतात. गावातली आणि बाहेरची माणसं एकत्र बसून जंगलाचा, मधाचा, कायद्याचा अभ्यास करतात आणि निर्णय मात्र ग्रामसभा घेते. आंदोलन होतंच, पण अभ्यासही होता. आपल्याकडे आंदोलन आहे, अभ्यास आपण वकिलावर आणि कार्यकर्त्यावर टाकून दिला आहे. त्या कार्यकर्त्यांत मीही आलो, म्हणून माझ्यावरही सोडू नका.

आता दाव्यांशी याचा संबंध काय ते नीट सांगतो, कारण यात गैरसमज नको. पोरांची प्रकल्पाची वही हा कायद्यातला पुरावा नव्हे. ती जोडली म्हणून दावा मंजूर होणार नाही. पण २००८ च्या नियमांतला नियम १३ बघा. जमिनीवरच्या खुणा पुरावा म्हणून चालतात. घर, झोपडी, बांध, ताल, विहीर, स्मशान, देवाची जागा. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांचे लेखी जबाब चालतात. आणि एकाहून जास्त पुरावे बघायचे, असंही त्यात आहे. आपले किती दावे एकाच कागदावर अडकून पडलेत? दंडाची पावती आहे, बाकी काही नाही. का? कारण बांध दाखवायचा तर तो कोणी, कधी घातला, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ज्या डोकरीला ठाऊक होतं ती वारली.

"आपली जमीन ओळखा" हा प्रकल्प पाच पोरांनी मनापासून केला तर काय होईल? पोरं शिवारभर फिरतील. कुठला बांध कोणाच्या आज्याने घातला, वरईचा माळ कोणता, नागलीचा कोणता, कुठे आधी शेत होतं आणि मग सागाची लागवड आली, हे म्हाताऱ्यांना विचारून नकाशावर मांडतील. तो नकाशा वनहक्क समितीसमोर आला की समितीला कळेल कुठे जाऊन पंचनामा करायचा, कोणत्या आज्याचा जबाब लिहून घ्यायचा. अंगठा आजाच देईल, पोरं नाही. पण आजा जिवंत असताना त्याच्याकडे कोणी तरी गेलेलं असेल. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा आहे. त्या तारखेपासून जितकी वर्षं पुढे जाऊ तितकी सांगणारी माणसं कमी होणार.

आणि मोजणीला माणसं जीपीएसचं यंत्र घेऊन आली की आपण त्यांच्या मागे नुसते चालतो. यंत्र बोललं की खरं. ज्या पोराने स्वतः दोरीने शेत मोजलं, क्षेत्रफळाचं गणित वहीत सोडवलं, तो म्हणेल, साहेब, वरचा कोपरा राहिला, तिथवर चला. शाळेतलं गणित कामाला येतं ते असं.

हे सगळं एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. प्रकल्प झाल्यावर वही जाते कुठे? आज ती शाळेच्या कपाटात जाते, चार पोस्टर गुंडाळून कपाटाच्या वर. पुढच्या साली उंदीर. गावाला काही कळत नाही. नियम सांगतो गावाला सांगा, पण नियम विचारायला कोण जातं? म्हणून माझं म्हणणं आहे की आपल्या पाड्यातलं कोणतंही पोर गावावर, जंगलावर, पाण्यावर प्रकल्प करत असेल तर ते आधी ग्रामसभेत वाचलं जावं. जिल्ह्याला नंतर. एक पूर्ण नक्कल वनहक्क समितीच्या फायलीत लागावी. ग्रामसभेत चुका निघतील, म्हातारे म्हणतील हा ओहोळ इकडे नाही तिकडे, पोरं दुरुस्त करतील. कुठल्याही परीक्षकापेक्षा ती परीक्षा कडक आहे, आणि ती पार करून गेलेली पोर बाईंच्या प्रश्नासमोर गप्प बसणार नाही.

विषयसुद्धा पोरांनी आणि गावाने मिळून ठरवावा. गुरुजींशी भांडायचं कारण नाही. बरेच गुरुजी चांगले आहेत, एकटे असतात, त्यांना पाड्यात कोणी बोलावत नाही. बोलवा. नाचणीची भाकरी घाला.

एक सावधगिरी मात्र पाहिजे. जैवविविधतेच्या नावाने पोरं औषधी झाडपाल्याची यादी करतात. कोणत्या दुखण्याला कोणतं मूळ, किती घासायचं, कशात द्यायचं, सगळं. ते छापून बाहेर गेलं की आपलं राहात नाही. कायद्याच्या ३(१)(के) मध्ये जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क सांगितला आहे. म्हणून भगताला, सुईणीला विचारल्याशिवाय औषधाची कृती पोस्टरवर लिहायची नाही. रानभाज्या लिहा. शेवळं कधी येतात, कडूकंदाचा कडूपणा कसा काढतात, कुठल्या माळावर लोत पूर्वी मिळायची आणि आता मिळत नाही. त्यातही सांगण्यासारखं खूप आहे आणि चोरण्यासारखं कमी.

दोन गोष्टी त्या परिषदेलाही ऐकवायच्या आहेत. तेव्हाच्या नियमात गटात पाच पोरं राबायची आणि वरच्या पातळीवर मांडायला जायचा गटप्रमुख एकटा. उरलेले चार घरी. आपल्याकडे गटप्रमुख कोण होतो? ज्याला शुद्ध मराठी येतं तो. झाडावर चढून मोजणारा, पाण्यात उतरणारा मागे राहतो, आणि पोरगी असेल तर लांब पाठवायला घरचे तयार होत नाहीत म्हणून तीही मागे राहते. गटाचं काम तर गटाला बोलू द्या, आळीपाळीने बोलतील. आपल्या बोलीत बोलतील, एक जण मराठीत सांगेल.

दुसरं, जिल्हा पातळीच्या गुणांमध्ये पोरांच्या पार्श्वभूमीसाठी वेगळे गुण ठेवलेले असतात, म्हणजे गरीब, मागास भागातून आलात तर थोडे जास्त. हेतू चांगला असेल. पण आमच्या पोरांची पार्श्वभूमी ही उणीव नाही, ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा आहे तीच ती आहे. शहरातल्या गटाला जंगल बघायला एसटीने यावं लागतं, आमचा गट जंगलातून शाळेत येतो. मग गुणांची भर कोणाला घालायला हवी? दयेचे दहा गुण नकोत. परीक्षक म्हणून एक जुनी शेतकरीण बसवा. बीज राखणारी, राब भाजणारी. तिच्या एका प्रश्नावर किती पोस्टर पडतात ते बघू.

बहिष्कार घाला म्हणणाऱ्या साथींना एवढंच विचारतो. आपण गेलो नाही तर त्या मंडपात आपल्याबद्दल कोण बोलणार? लंगोटी आणि कुऱ्हाडीचं चित्र काढणारेच ना? पोरांना जाऊ द्या. रिकाम्या हाताने नको, गावाची वही घेऊन.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ज्या पाड्यात यंदा राबाचा आणि बिनराबाचा असे दोन्ही वाफे होते, तिथल्या पोरांनी आवणी व्हायच्या आत, म्हणजे याच आठवड्यात, मोजून घ्यायचं आहे, नंतर रोपं उपटली की गेलं. दोन्ही वाफ्यांत एक हात लांब, एक हात रुंद असा चौकोन काठ्यांनी आखा. कडेला नको, मध्ये आखा, आणि प्रत्येक वाफ्यात तीन ठिकाणी. आतली रोपं वेगळी मोजा, तण वेगळं मोजा. बी एकाच घरचं होतं का आणि एकाच दिवशी टाकलं होतं का ते विचारून लिहा. नसेल तर तसंच लिहा, लपवू नका. दहा रोपांची उंची घ्या. फूटपट्टी नसेल तर वितीने मोजलं तरी चालेल, पण सगळीकडे एकाच पोराची वीत.